कुंदाबाईचा खटखट्या

उखर्डूच्या आधीची तीन पोरं दगावली होती. म्हणून त्याच्या आईने चौथ्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीकरवी उचलून आणलं आणि उखर्डू असं नाव ठेवून ती मोकळी झाली. यम असल्या नावाच्या पोराकडे ढुंकून बघत नाही, अशी तिची खात्री होती. उखर्डू छपन्न वर्षांचा होऊन पूर्णाथडी केळी बागायतदार संघात शिपाई म्हणून खुर्च्या पुसत होता, तेव्हा आईचं काही चुकलं असं म्हणायला जागा नव्हती. मात्र या सगळ्यातून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जे आपल्याला टिकायला हवं आहे, त्याचा काहीतरी उपाय आधीच करून ठेवावा.

संघाचं ऑफिस मुक्ताईनगरला होतं. उखर्डू मात्र गावाला अजून एदलाबादच म्हणायचा. नवं नाव त्याला आवडत नव्हतं अशातला भाग नाही, तोंडाला सवय नव्हती इतकंच. एकोणनव्वद साली संघात पहिला कॉम्प्युटर आला. तो चालवायचा कोणी यावर संचालकांच्या दोन बैठका झाल्या आणि शेवटी तो कुंदाबाईच्या टेबलावर ठेवला गेला. कारण सगळ्या ऑफिसात दहाही बोटांनी टाइप करणारी ती एकटीच होती. कुंदाबाईला दिसत नव्हतं. तीन वर्षांची असताना देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. पुढे नाशिकला शिकली, टायपिंग शिकली, आणि गावी परत आली ती इंग्रजी पत्र कानाने ऐकून बोटांनी लिहिणारी बाई होऊन.

त्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड म्हणजे एक प्रकरण होतं. पाटासारखा जड, रंग ताकासारखा, आणि कळ दाबली की असा खट्ट वाजायचा की व्हरांड्यात बसलेले शेतकरी म्हणायचे, "ताईचं चालू झालं बरं का." ऑफिसात सगळे त्याला खटखट्याच म्हणत. दुसऱ्या कोणाचं त्या आवाजाने डोकं उठलं असतं, पण कुंदाबाईला तोच आवाज हवा होता. खट्ट वाजलं म्हणजे अक्षर उमटलं, नाही वाजलं म्हणजे बोट घसरलं, इतका तिचा रोखठोक हिशेब. आणि ए या अक्षराच्या डाव्या हाताला एक कळ होती, तिच्यावर कुंदाबाईने आपली मखमली टिकली चिकटवून ठेवली होती. ती टिकलीची कळ धरून आणखी दोन कळा दाबल्या की पत्र पडद्याखालच्या डब्यात जाऊन बसायचं. डबा घरघरायचा आणि कुंदाबाई मान हलवायची.

उखर्डूला लिहितावाचता येत नव्हतं. त्यामुळे या कामात त्याचा वाटा एवढाच, की रोज सकाळी तो बटन दाबायचा आणि कुंदाबाई विचारायची, "आला का?" पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकायला लागला की उखर्डू सांगायचा, "आला." मग ती बोटं मोडायची आणि कामाला लागायची. ती बघू शकत नव्हती, तो वाचू शकत नव्हता, आणि तरी दोघांचं मिळून बरोबर नऊ वर्षं चाललं.

पहिल्याच दसऱ्याला उखर्डूने उपाय करून टाकला होता. संघात त्या दिवशी वजनकाटा, जीप, लोखंडी कपाट, सगळ्यांची पूजा व्हायची. खटखट्याला कोणी विचारलं नाही, याचा उखर्डूला राग आला. मुक्ताईच्या यात्रेत घेतलेला काडेपेटीएवढा फोटो त्याच्या खिशात होता. वरच्या बाजूला लावावा तर ताईची बोटं लागणार, म्हणून त्याने कीबोर्ड उलटा केला आणि डिंक लावून फोटो तळाला चिकटवला. त्यामुळे मुक्ताई नऊ वर्षं टेबलाकडे तोंड करून बसली, हे खरं, पण देवाला सगळीकडचं दिसतं असं म्हणून उखर्डूने तेही निभावून नेलं. दर दसऱ्याला तो कीबोर्ड उलटायचा आणि हळदकुंकवाचं नवं बोट ओढायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत संघात नवे सचिव आले, शालिग्राम भारंबे. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्यांनी आल्या आल्या नवा कॉम्प्युटर मागवला. गुरुवारी तो आला. त्याला रंगीत पडदा होता, चाक असलेला उंदीर होता, आणि पोळीसारखा पातळ, मुका कीबोर्ड होता. जळगावहून आलेल्या माणसाने कुंदाबाईचं पत्र लिहायचं जुनं सॉफ्टवेअरही त्यात घालून दिलं आणि म्हणाला, "तुमचं सगळं तसंच आहे बघा, काही बदललेलं नाही."

शुक्रवारी सकाळी भारंबे साहेबांनी केळीच्या वॅगनसाठी रेल्वेला लिहायचं पत्र सांगायला घेतलं. कुंदाबाईची बोटं चालू लागली, पण आवाज काही येईना. तिचा चेहरा असा झाला होता की उखर्डूला बघवेना. दळून आणलेल्या पिठात बोट बुडवावं तसं तिचं बोट कळेवर जात होतं आणि काहीच न सांगता परत येत होतं. तरी तिने पत्र पुरं केलं, सवयीने दर परिच्छेदाला ए-च्या डावीकडची कळ धरली, पुढच्या दोन दाबल्या, आणि डबा घरघरायची वाट बघत बसली.

डबा दर वेळी गप्पच राहिला. नव्या कीबोर्डवर त्या जागी दुसरीच कळ होती, सगळी अक्षरं मोठी करणारी. साहेब पडद्याजवळ वाकले. निम्मं पत्र मोठ्या अक्षरांत ओरडत होतं आणि मधूनमधून दोन-दोन परकी अक्षरं पेरलेली होती. त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मध्येच वीज गेली आणि जे होतं तेही गेलं.

"कुंदाबाई," साहेब म्हणाले, "सोमवारी परत एकदा बघू. नाहीच जमलं तर तुम्ही फोनजवळ बसा. पगारात काही फरक पडणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो. जळगावची एक मुलगी आहे, कोर्स केलेली. ती पत्रांचं बघेल."

संघाचा फोन दिवसातून चारदा वाजायचा आणि त्यातला एक राँग नंबर असायचा. साहेब गेल्यावर कुंदाबाई मुक्या कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिली. उखर्डूने चहा आणला, तो निवून गेला.

"त्यात काय व ताई," उखर्डू म्हणाला. "पगार तर तोच राह्यते म्हने."

"पगाराचं नाही, उखर्डूभाऊ." ती सावकाश म्हणाली. "घरी मला पाण्याचा तांब्या हातात देतात. ताट पुढ्यात ठेवून कुठे भाजी, कुठे भाकरी ते सांगतात. बोट धरून मोरीपर्यंत नेतात. मायेनेच करतात सगळं. पण या खुर्चीत बसले, की कोणी माझा हात धरत नाही. इथे लोक मला म्हणतात, लवकर करा बाई, गाडी सुटेल. एवढी एकच जागा आहे माझी."

उखर्डू उठला. त्याने कपाटामागे टाकून दिलेला खटखट्या काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्याची पिन नव्या डब्याला लावून बघितली. जुनी पिन अंगठ्याएवढी, नवं भोक करंगळीएवढं. मग त्याने मनाशी ठरवलं आणि साहेबांकडे शनिवारची रजा मागितली. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, सोयरिकीचं काम आहे.

शनिवारी पहाटेच्या एसटीने तो निघाला. खटखट्या बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टरने विचारलं, "बाजाची पेटी का, बाबा?" उखर्डू म्हणाला, "व्हय." उगाच कोण समजावत बसतो. जळगावला त्याने तीन दुकानं पालथी घातली. पहिल्याने हसून घेतलं, दुसऱ्याने भंगाराच्या दुकानाचा रस्ता दाखवला. तिसरा भला निघाला. "धुळ्याला जा," तो म्हणाला. "बसस्टँडमागे झुलाल मिस्त्री आहे. असल्या जुन्यापान्याचा नाद त्यालाच."

धुळ्याला पोचेतो दुपार झाली. झुलाल म्हणजे तिशीतला काटकुळा माणूस निघाला. दुकान कसलं, दोन पत्रे आणि एक फळकूट, पण आत जुन्या यंत्रांचा नुसता खच पडलेला होता. त्याने लुगडं उलगडलं, दोन कळा दाबून बघितल्या आणि त्याचा चेहरा खुलला.

"काय आवाज शे दादा! असा कीबोर्ड आते भेटस का? बठ्ठा जुना माल आते भंगारमा चालना."

त्याने डब्यांतून शोधून एक छोटा जोड काढला, एका तोंडाला जाड पिन बसेल, दुसऱ्या तोंडाला बारीक. उखर्डूला वाटलं, झालं काम. पण झुलालने तो आपल्या नव्या कॉम्प्युटरला लावला आणि डबा नुसताच ओरडला. जुन्याला लावला, चालला. पुन्हा नव्याला लावला, ओरडला. झुलालने डोकं खाजवलं.

"पिन बसनी, पन बोलनं जमत नही. नवा मशीननी भाषा येगळी शे. काही काही कीबोर्डले खाले एक बारीक खटका ऱ्हास, तो इकडथून तिकडे करा का दोन्ही भाषा बोलस." असं म्हणत त्याने खटखट्या उलटा केला. मुक्ताईचा फोटो आणि नऊ दसऱ्यांचं हळदकुंकू दिसताच त्याचे हात आपोआप जोडले गेले. त्याने फोटोच्या चारी बाजूंनी बघितलं, पण फोटोला बोटसुद्धा लावलं नाही. "तुमनाले नही शे दादा. खटकाच नही दिखत." आणि कीबोर्ड त्याने दोन्ही हातांनी, सुलटा करून, परत दिला. जोडाचे पैसे काही घेतले नाहीत. म्हणाला, "ली जा. कुठे चालनं तं माले सांगज्या."

मिळेल त्या एसटीने उखर्डू रात्री घरी परतला. रविवारी बायकोने विचारलं, तर तिच्यावरच खेकसला. नऊ वर्षं आपण उपाय करून ठेवला आणि ऐन वेळेला मुक्ताईने पाठ फिरवली, असं त्याच्या मनात येत होतं. मग असा विचार केल्याबद्दल तो स्वतःच्याच तोंडात मारून घेत होता.

सोमवारी साहेब साडेदहाला येणार होते. कुंदाबाईला तिच्या भावाने दहालाच सायकलवरून सोडलं. टेबलावर हात ठेवताच तिला खटखट्याच्या कडा लागल्या आणि ती एकदम हसली. "म्हणजे सोयरिकीचं काम हे होतं होय!" तिने टिकली चाचपली. टिकली जागेवर होती.

उखर्डूने जोड लावला, बटन दाबलं. कोण जाणे, धुळ्याला नाही तर एदलाबादला चालेल, अशी वेडी आशा त्याला होती. मुक्ताईचं गाव होतं ना.

"आला का?" कुंदाबाईने विचारलं.

डबा ओरडला आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ येऊन थबकली. शुक्रवारी अशी ओळ थबकली नव्हती, एवढं उखर्डूलाही कळलं. क्षणभर त्याला वाटलं, आला म्हणून सांगून टाकावं. तिला काय दिसतंय? पण नऊ वर्षांत तो एकदाही खोटं बोलला नव्हता, आणि ते नेमकं याच शब्दावर कसं बोलायचं?

"नाही आला, ताई," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. जळगाव, धुळं, झुलाल, खटका. "काही काहीले खाली खटका असते म्हने. आपल्याले नाही. म्या सोता पाह्यलं, त्यानंबी पाह्यलं."

कुंदाबाईने खटखट्या उचलून मांडीवर घेतला. निरोप द्यायचा तसा तिने त्यावरून हात फिरवला, वरून, कडांवरून, मग उलटा करून तळावरून. मुक्ताईच्या फोटोवर तिची बोटं थांबली.

"तुम्ही फोटो लावताना खाली अक्षत ठेवली होती ना, उखर्डूभाऊ?"

"कोन्ती अक्षत?"

"ही. फोटोच्या खाली एक तांदूळ आहे. पहिल्या दसऱ्यापासून लागतोय हाताला. मला वाटलं, तुम्ही शास्त्र म्हणून ठेवला असेल."

"मी कायले ठिऊ तांदूळ? मंग चिकटते का फोटो?"

उखर्डूच्या डोक्यात आधी काही शिरलं नाही, आणि शिरलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. उपाय म्हणून आपण जे केलं, त्याच उपायाने आपण दारावर माती लिंपून ठेवली होती! धुळ्याच्या मिस्त्रीने बघितलं नाही, कारण देवाला हात कसा लावायचा. उखर्डूने स्वतः बघितलं नाही, कारण देव त्यानेच बसवला होता. दोन डोळस माणसं शंभर कोसांची उठाठेव करून रिकामी बसली होती, आणि जिला दिसत नाही तिला नऊ वर्षांपासून ठाऊक होतं.

"काढा," कुंदाबाई म्हणाली.

"मी? मुक्ताबाईले?"

"तुम्ही बसवलीत, तुम्हीच उठवा. मी उठवली तर तिला ओळख पटणार नाही."

उखर्डूने तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं. भारंबे साहेब दारात येऊन उभे राहिले होते, पण त्याला भान नव्हतं. "माय मुक्ताबाई," तो मोठ्याने म्हणाला, "नऊ वर्स राखलं तू. आता जराशी सरक. ताईले जागा दे." मग कडेने पाणी लावत, नखाने, लेकराच्या जखमेवरची पट्टी काढावी तसा त्याने फोटो सोडवला. एक कोपरा फाटला, बाकी फोटो धड निघाला. खाली एक छोटी खाच होती आणि खाचेत पांढरा, तांदळाएवढा खटका.

"दोन्हीकून अक्षरं हायेत," उखर्डू नाक लावून म्हणाला. "अथी फुली हाये. तथी... तथी छप्परावानी कायतरी हाये, मधी आडवं लाकूड लावेल."

"खटका कुठे आहे?"

"फुलीकडे."

"छपराकडे करा."

तिने अंबाड्यातला आकडा काढून दिला. नऊ वर्षांचा डिंक आणि कुंकू बसलेलं होतं, खटका हलायला तयार नव्हता. उखर्डूने दात आवळले, आकडा वाकला, आणि मग टच्च असा आवाज होऊन खटका पलीकडे गेला. त्याने डबा बंद केला, पुन्हा चालू केला. डबा एकदाच बारीक आवाजात बोलला आणि गप्प झाला. पडदा काळा झाला, निळा झाला, ढग आले, चित्रं आली. उखर्डूने साहेबांनी दाखवलेल्या चित्रावर उंदीर नेऊन दोनदा दाबलं, घाईत चारदा दाबलं गेलं.

"आला का?"

ठिपका लुकलुकला.

"आला व माय! आला!"

कुंदाबाईने बोटं मोडली. दारातून साहेब पुढे आले, खुर्ची ओढून बसले आणि काही न विचारता पत्र सांगू लागले. सांगताना त्यांना आपली घाई आवरता येत नव्हती, आणि कुंदाबाईला ती घाई हवीच होती. खटखट असा आवाज सुटला की व्हरांड्यातून कोणीतरी म्हणालं, "ताईचं चालू झालं बरं का." पत्र संपलं. तिने टिकलीवर करंगळी ठेवली, दोन कळा दाबल्या, आणि नवा डबा, तो गुर्मीतला गुळगुळीत नवा डबा, आतल्या आत घरघरला. तिने मान हलवली.

साहेबांनी छापून आलेला कागद दोनदा वाचला. चूक शोधत असावेत, पण ती काही सापडली नाही. "हे रेल्वेचं झालं," ते उठत म्हणाले. "दुसरं दुपारी सांगतो. आणि जरा लवकर करत चला बाई, आज उशीर झाला." एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. जळगावच्या मुलीचा विषय त्यानंतर संघात कोणी काढला नाही.

उखर्डूने फोटो वाळायला ठेवला होता. तो वाळल्यावर त्याने खटखट्याच्या तळाचा दुसरा कोपरा अंगठ्याने तीनतीनदा दाबून, खाली तांदूळबिंदूळ नाही याची खात्री करून, मुक्ताई तिथे बसवली. मग खटखट्या सुलटा करून ताईपुढे ठेवला आणि फडकं उचललं.

"थांबा," कुंदाबाई म्हणाली. "नऊ वर्षं पुसताय, एक कळ कधी दाबून बघितली नाहीत."

"नको व माय. बिघडंल."

"काही बिघडत नाही. हात द्या इकडे."

त्याने हात पुढे केला. ज्या खुर्चीत कोणी कुंदाबाईचा हात धरत नव्हतं, त्या खुर्चीत बसून तिने उखर्डूचा हात धरला. डिंकाने चिकट झालेलं, कुंकवाने लाल झालेलं त्याचं बोट तिने कळांवरून नेलं, एका कळेवर ठेवलं आणि वरून दाबलं. खट्ट वाजलं.

"आला का?"

"आला."

"कसा आहे?"

उखर्डूने पडद्याकडे निरखून बघितलं. "गाडग्यावानी हाये. खाली गोल, वर तोंड उघडं."

"ते तुमचं," कुंदाबाई म्हणाली. "इंग्रजीत तुमचं नाव तिथून सुरू होतं."

उखर्डू बघत राहिला. उकिरड्यावरून उचललेल्या त्या नावाला असं तोंड आहे, हे त्याला छपन्न वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात काही त्याने सोडवून घेतला नाही.

कुंदाबाईने दुसऱ्या हाताने टिकली दाबली, मग आणखी दोन कळा. डबा घरघरला.

"आता ते आत राहील," ती म्हणाली.